आरपीसी कॉलला इंटरसेप्टर लावताना: जागा, क्रम आणि टोकन रिफ्रेशची गुंतागुंत

प्रश्न थोडक्यात असा: ब्राउझरमध्ये चालणारं अ‍ॅप बॅकएंडशी आरपीसीने (रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे सर्व्हरवरचं फंक्शन नावाने हाक मारून चालवणं) बोलतं. मेथड्स बऱ्याच आहेत आणि प्रत्येक कॉलला टोकन (युजरची ओळख पटवणारी खूण), रिक्वेस्ट आयडी आणि लॉगिंग हवं आहे. सध्या हे सगळं जिथे कॉल आहे तिथे हाताने लिहिलेलं आहे. टोकन एक्स्पायर झालं की रिफ्रेश करून तोच कॉल पुन्हा मारायचा आहे. ग्लोबल फेच (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) ओव्हरराइड करावा की लायब्ररीचा इंटरसेप्टर (कॉल जाता-येताना मध्ये बसणारं फंक्शन) वापरावा, आणि वापरायचा तर लिहायचा कसा?

फेच ओव्हरराइड करू नका. एक तर ते सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं आहे. ग्लोबल फेचला हात लावला की पानावरचा प्रत्येक फेच कॉल त्यातून जातो: तुमचा, अ‍ॅनालिटिक्सच्या स्क्रिप्टचा, नकाशाच्या विजेटचा. टोकन लावणारा कोड डोमेन तपासायला विसरला तर तुमच्या युजरचं टोकन भलत्याच सर्व्हरवर जाऊन पडतं. दुसरी अडचण त्याहून मूळची आहे. फेचच्या पातळीवर ‘कॉल’ दिसतच नाही. तिथे दिसते एक यूआरएल, काही हेडर आणि बाइट्सचा गठ्ठा. कॉल फसला की पार पडला, हेसुद्धा तिथून खात्रीने सांगता येत नाही.

जेसन-आरपीसी 2.0 घ्या. एचटीटीपीवरून वापरताना त्यात चूक झाली तरी बहुतेक सर्व्हर एचटीटीपी 200 च पाठवतात आणि खरी चूक बॉडीतल्या एरर ऑब्जेक्टमध्ये असते. कोड उणे 32601 म्हणजे मेथड सापडली नाही, उणे 32602 म्हणजे पॅरामीटर चुकले. जीआरपीसी या गूगलच्या आरपीसी प्रणालीचंही तसंच. एचटीटीपी स्टेटस 200, आणि निकाल ट्रेलरमधून (बॉडीनंतर येणाऱ्या हेडरमधून) येणाऱ्या जीआरपीसी-स्टेटसमध्ये. ब्राउझर हे ट्रेलर जावास्क्रिप्टच्या हाती देत नाही, म्हणून जीआरपीसी-वेब ते बॉडीच्या शेवटी एका फ्रेममध्ये घालून पाठवतं, आणि सर्व्हरला जीआरपीसी-वेब स्वतः येत नसेल तर त्या रूपांतरासाठी मध्ये एनव्हॉयसारखा प्रॉक्सी बसवावा लागतो. आता फेचवर ‘401 आलं तर रिफ्रेश कर’ असं लिहिलंत, तर तो कोड चालणारच नाही. 401 येत नाही, येतो जीआरपीसीचा कोड 16, म्हणजे अनऑथेंटिकेटेड (ओळख पटली नाही). कनेक्ट या लायब्ररीचा स्वतःचा प्रोटोकॉल युनरी (एक विनंती, एक उत्तर) कॉलला सरळ 401 देतो, पण स्ट्रीमला (एकामागून एक मेसेज येणाऱ्या कॉलला) तोही 200 देऊन चूक शेवटच्या मेसेजमध्ये सांगतो. त्यात टीआरपीसी या टाइपस्क्रिप्ट लायब्ररीची बॅच लिंक किंवा जेसन-आरपीसीची बॅच वापरत असाल तर एका एचटीटीपी रिक्वेस्टच्या पोटात अनेक कॉल असतात. त्यातला एखादाच फसला तर फेचमध्ये बसून तुम्ही रिट्राय नेमका कशाचा करणार?

म्हणून इंटरसेप्टर तिथेच लावायचा जिथे मेथडचं नाव, मेसेज आणि स्टेटस कोड हे तिन्ही हाताला लागतात, म्हणजे जनरेट झालेला क्लायंट आणि ट्रान्सपोर्ट (कॉल प्रत्यक्ष पाठवणारा भाग) यांच्या मध्ये. आजच्या बहुतेक लायब्ऱ्यांनी ही जागा ठेवलेली आहे. नावं वेगळी असली तरी सगळ्यांचा सांगाडा साधारण असाच निघतो:

इंटरसेप्टर = (पुढे) => (कॉल) => {
  कॉल.हेडर.सेट(‘ऑथरायझेशन’, टोकन)
  उत्तर = थांब पुढे(कॉल)
  परत दे उत्तर
}

‘पुढे’च्या आधीच्या ओळी जाताना चालतात, नंतरच्या येताना. ‘पुढे’ला हाक मारलीच नाही तर कॉल बाहेर पडत नाही, दोनदा मारली तर तो रिट्राय झाला. इंटरसेप्टरची सगळी ताकद या एका फंक्शनमध्ये आहे.

कनेक्टमध्ये ट्रान्सपोर्ट तयार करतानाच इंटरसेप्टरची यादी देता येते आणि त्यांचा आकार हुबेहूब वरच्यासारखा असतो. टीआरपीसीमध्ये याला लिंक म्हणतात. शेवटची लिंक प्रत्यक्ष एचटीटीपी कॉल करते, तिच्या आधी तुमच्या लिंक लावायच्या, फक्त उत्तर प्रॉमिसऐवजी (नंतर येणारं एकच उत्तर) ऑब्झर्व्हेबलमध्ये (वेळोवेळी येणाऱ्या मूल्यांचा प्रवाह) मिळतं. जीआरपीसी-वेबच्या अधिकृत जावास्क्रिप्ट लायब्ररीत एक खाच आहे. तिथे युनरी इंटरसेप्टर आणि स्ट्रीम इंटरसेप्टर असे दोन प्रकार आहेत, आणि युनरी प्रकार फक्त प्रॉमिस देणाऱ्या क्लायंटलाच लागू होतो. कॉलबॅक शैलीच्या क्लायंटला साधा युनरी कॉल असला तरी स्ट्रीम इंटरसेप्टरच द्यावा लागतो. चुकीचा दिला तर एरर नाही, वॉर्निंग नाही. इंटरसेप्टर नुसता गप्प बसतो आणि तुम्ही टोकन का जात नाही म्हणून सर्व्हरचे लॉग उपसत राहता.

जुन्या जीडब्ल्यूटी (गूगल वेब टूलकिट) अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे आरपीसी-रिक्वेस्ट-बिल्डरचा सबक्लास करून त्याची डू-फिनिश मेथड ओव्हरराइड करायची, असिंक इंटरफेस सर्व्हिस-डेफ-टार्गेटमध्ये कास्ट करायचा आणि तो बिल्डर सेट करायचा. डू-फिनिशमध्ये सुपरला कॉल करायला विसरू नका. परम्युटेशनचा (कोणती कंपाइल केलेली आवृत्ती चालू आहे ते सांगणारा) हेडर तिथेच लागतो, आणि तो नसला तर सर्व्हरवरची सर्व्हलेट रिक्वेस्ट नाकारू शकते. ही मेथड सिंक्रोनस आहे, त्यामुळे तिच्यात ‘टोकन येईपर्यंत थांब’ असं लिहिता येत नाही. टोकन आधीच हातात असायला हवं.

आता क्रम. इंटरसेप्टर एकापेक्षा जास्त झाले की कोण बाहेर आणि कोण आत याने वागणूक बदलते, आणि इथे लायब्ऱ्यांचं एकमत नाही. अ‍ॅक्सिओस या एचटीटीपी लायब्ररीत तर रिक्वेस्टचे इंटरसेप्टर जोडल्याच्या उलट क्रमाने चालतात आणि रिस्पॉन्सचे जोडल्याच्या क्रमाने. डॉक्युमेंटेशन वाचून अंदाज बांधण्यापेक्षा दोन इंटरसेप्टर लावा, एकात ‘अ’ छापा, दुसऱ्यात ‘ब’, आणि कन्सोल बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

माझा नेहमीचा क्रम बाहेरून आत असा असतो: लॉगिंग, मग रिट्राय, मग ऑथ, आणि सगळ्यात आत प्रत्येक प्रयत्नाचं ट्रेसिंग (कॉल कुठून कुठे गेला याची नोंद). लॉगिंग बाहेर ठेवलं की युजरने प्रत्यक्ष किती वेळ वाट पाहिली ते कळतं, त्यात रिट्राय आणि रिफ्रेशचा वेळही धरला जातो. ऑथ हा रिट्रायच्या आत हवा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी टोकन नव्याने वाचलं जातं. उलटं केलंत तर टोकन एकदाच लावलं जातं आणि बॅकऑफमध्ये (दोन प्रयत्नांमधल्या थांब्यात) वेळ गेल्यावर तेच शिळं टोकन पुन्हा पुन्हा जात राहतं. ट्रेसिंगसाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा ट्रेसपॅरेंट हेडर वापरत असाल तर ट्रेस आयडी (32 हेक्स अक्षरं) सगळ्या प्रयत्नांना एकच ठेवा आणि स्पॅन आयडी (16 अक्षरं) प्रत्येक प्रयत्नाला नवा घ्या. नाहीतर तीन प्रयत्न एकाच रेषेवर चिकटून दिसतात आणि कोणता फसला ते शोधता येत नाही.

टोकन रिफ्रेश हा यातला सगळ्यात नाजूक भाग. पाहिलेल्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी तो वरवर बरोबर आणि गर्दीत चुकीचा असतो. साधी आवृत्ती अशी असते: कोड 16 आला, रिफ्रेश केला, पुन्हा कॉल मारला. एका कॉलला हे चालतं. पण डॅशबोर्ड उघडला की सहा-सात कॉल एकदम सुटतात. टोकन एक्स्पायर झालेलं असेल तर सगळेच्या सगळे कोड 16 घेऊन परत येतात आणि सगळे रिफ्रेश मारतात. ऑथ सर्व्हर रिफ्रेश टोकन (नवं टोकन मागण्यासाठीचं टोकन) रोटेट करत असेल, म्हणजे एकदा वापरलेलं रिफ्रेश टोकन लगेच बाद करत असेल, तर पहिला रिफ्रेश यशस्वी होतो आणि दुसरा ‘वापरलेलं टोकन पुन्हा आलं’ म्हणून चोरीचा संशय जागा करतो. बरेच ऑथ सर्व्हर अशा वेळी अख्खं सेशनच रद्द करतात. युजरच्या बाजूने बघितलं तर काही न करता लॉगआउट.

उपाय म्हणजे चालू असलेल्या रिफ्रेशचं प्रॉमिस इंटरसेप्टरच्या बाहेर, मॉड्यूलच्या पातळीवर एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचं. ते रिकामं असेल तर रिफ्रेश सुरू करून त्यात ठेवा, भरलेलं असेल तर त्याच प्रॉमिसवर थांबा. संपल्यावर, यश असो वा अपयश, फायनलीमध्ये ते रिकामं करा. फायनली विसरलात तर एकदा फसलेला रिफ्रेश कायमचा फसलेला राहतो आणि पान रीलोड केल्याशिवाय सुटका नाही.

एवढ्यानेही एक फट उरते. समजा दहा कॉल जुन्या टोकनने निघाले. नऊ लगेच फसले, त्यांनी मिळून रिफ्रेश पूर्ण केला, व्हेरिएबल रिकामं झालं. दहावा संथ होता, तो आत्ता कोड 16 घेऊन आला. त्याला व्हेरिएबल रिकामं दिसतं, म्हणून तो विनाकारण दुसरा रिफ्रेश सुरू करतो. यासाठी कॉल पाठवताना कोणतं टोकन लावलं होतं ते लोकल व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा. फसल्यावर आधी ते आत्ताच्या टोकनशी ताडून पाहा. वेगळं असेल तर मधल्या काळात कुणीतरी रिफ्रेश केलेला आहे, नुसतं नवं टोकन लावून कॉल पुन्हा मारा. तेच असेल तरच रिफ्रेश.

दोन टॅब उघडे असतील तर मॉड्यूलचं व्हेरिएबल उपयोगाचं नाही, कारण प्रत्येक टॅबची मेमरी वेगळी. तिथे ब्राउझरचं वेब लॉक्स एपीआय कामाला येतं. एका नावाने लॉक घ्या, लॉक मिळाल्यावर सामायिक साठ्यातलं टोकन पुन्हा वाचा, ते बदललेलं नसेल तरच रिफ्रेश करा. लॉक घेतल्यानंतरचं हे पुन्हा वाचणं वगळलंत तर दोन्ही टॅब रांगेत उभे राहून एकामागून एक रिफ्रेश करतील, बाकी काही साधणार नाही.

रिफ्रेशचा स्वतःचा कॉल ज्या क्लायंटने मारता त्याला ऑथ इंटरसेप्टर लावू नका. त्याच्यासाठी वेगळा, उघडा ट्रान्सपोर्ट बनवा. नाहीतर रिफ्रेश कोड 16 ने फसला की इंटरसेप्टर ‘रिफ्रेश चालू आहे, थांबतो’ म्हणतो, आणि ज्या रिफ्रेशसाठी थांबला तो तोच असतो. पान लटकतं, कन्सोलमध्ये काहीच लाल दिसत नाही. पुन्हा मारलेला कॉलही कोड 16 घेऊन आला तर तिथेच थांबा आणि चूक वर जाऊ द्या. एकदाच प्रयत्न, लूप नको. आणि हेडर लावताना ‘अपेंड’ नाही, ‘सेट’ वापरा. बऱ्याच लायब्ऱ्यांत दुसऱ्या वेळीही तोच कॉल ऑब्जेक्ट हातात असतो. अपेंड केलं तर ऑथरायझेशन हेडरमध्ये जुनं आणि नवं टोकन स्वल्पविरामाने जोडून जातं आणि सर्व्हर दोन्ही नाकारतो.

रिफ्रेशही फसला तर? युजरला लॉगिन पानावर नेण्याचं काम इंटरसेप्टरमध्ये करू नका. टोस्ट दाखवणं, राउट बदलणं, स्टोअर पुसणं हे ट्रान्सपोर्टच्या थरात शिरलं की त्याच क्लायंटवर टेस्ट लिहिता येत नाहीत आणि तोच क्लायंट वेब वर्करमध्ये नेता येत नाही. इंटरसेप्टरने ‘सेशन संपलं’ अशी घटना जाहीर करावी, पुढचं अ‍ॅप बघून घेईल.

स्ट्रीमकडे वळू. जीआरपीसी-वेबमध्ये युनरी आणि सर्व्हरकडून येणारा स्ट्रीम एवढे दोनच प्रकार चालतात, त्यामुळे विषय मर्यादित आहे, पण फसवा आहे. कनेक्टसारख्या लायब्ररीत स्ट्रीमसाठी ‘थांब पुढे(कॉल)’ ही ओळ स्ट्रीम संपल्यावर पूर्ण होत नाही. उत्तराचे हेडर आले की ती पूर्ण होते आणि हातात येतो एक असिंक इटरेबल, ज्यातले मेसेज अजून यायचे असतात. परिणाम असा की लॉगिंग इंटरसेप्टर दहा मिनिटं चाललेल्या स्ट्रीमची वेळ 80 मिलिसेकंद दाखवतो, आणि मध्येच तुटलेला स्ट्रीम त्याच्या ट्राय-कॅचच्या जाळ्यात येतच नाही. उत्तर स्ट्रीम असेल तर त्याचं इटरेबल स्वतःच्या जनरेटरमध्ये गुंडाळा: एकेक मेसेज पुढे देत जा, चूक तिथे पकडा, वेळ फायनलीमध्ये मोजा. कॉल करणाऱ्याने लूप मध्येच सोडला तरी फायनली चालतो, म्हणून मोजणी तिथे बरोबर येते. वेळ मोजताना परफॉर्मन्स-नाऊ वापरा. डेट-नाऊ सिस्टिमच्या घड्याळावर चालतं आणि घड्याळ दुरुस्त झालं की कालावधी उणेही येऊ शकतो. अर्धे मेसेज येऊन गेल्यावर स्ट्रीम तुटला तर इंटरसेप्टरने आपोआप रिट्राय करू नये. कुठपर्यंत वाचून झालं हे फक्त अ‍ॅपला माहीत असतं.

रिट्रायचंही मूळ दुखणं हेच. 1984 मध्ये झेरॉक्स पार्कच्या बिरेल आणि नेल्सन यांनी आरपीसीची अंमलबजावणी मांडली तेव्हाच हे स्पष्ट होतं: कॉल परतला तर प्रोसीजर एकदाच चालली असं म्हणता येतं, चूक आली तर ती चालली की नाही हे कॉल करणाऱ्याला कळत नाही. कोड 14, म्हणजे अनअव्हेलेबल, आला तरी सर्व्हरने काम उरकून उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं. म्हणून सरसकट रिट्राय करणारा इंटरसेप्टर लिहू नका. प्रोटोबफमध्ये (जीआरपीसीचे मेसेज आणि मेथड्स ज्यात लिहितात त्या भाषेत) मेथडवर आयडेम्पोटन्सी-लेव्हल नावाचा पर्याय आहे. तो लावा, आणि ज्या मेथडवर ‘साइड इफेक्ट नाही’ किंवा ‘आयडेम्पोटंट’ (पुन्हा चालली तरी परिणाम तोच) लिहिलं आहे तिलाच इंटरसेप्टरने पुन्हा मारावं. बॅकऑफमध्ये थोडा रँडमपणा ठेवा, आणि एकूण डेडलाइन रिट्रायच्या बाहेर मोजा, नाहीतर पाच सेकंदांची मर्यादा तीन प्रयत्नांत पंधरा सेकंदांची होते.

पैसे वळते करणं, ऑर्डर टाकणं अशा मेथड्ससाठी आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे सर्व्हरला कळावं म्हणूनची खूण) लागते. तीही इंटरसेप्टरमध्ये बनवू नका, जरी ती जागा सोयीची वाटली तरी. इंटरसेप्टर एका कॉलला एक की देईल, पण युजरने बटण दोनदा दाबलं तर ते दोन कॉल आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या की मिळतील. ज्यासाठी की हवी होती तेच हुकलं. की फॉर्म उघडतानाच बनवा आणि कॉलसोबत खाली पाठवा.

ती खाली पाठवायची कशी? कनेक्टमध्ये कॉलसोबत कॉन्टेक्स्टची मूल्यं देता येतात, टीआरपीसीमध्ये प्रत्येक ऑपरेशनला कॉन्टेक्स्ट असतो. ‘या कॉलला ऑथ नको’, ‘याचं लॉगिंग नको’ अशा खुणा तिथेच ठेवा. मेटाडेटामध्ये खोटा हेडर घालून इंटरसेप्टरमध्ये तो काढून टाकण्याची युक्ती अनेक ठिकाणी दिसते. एक दिवस काढायचा राहतो आणि तुमची आतली खूण नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत जाते.

लॉगिंगबद्दल एकच: मेथडचं नाव, कोड, कालावधी आणि रिक्वेस्ट आयडी लिहा, मेसेज लिहू नका. लॉगिन मेथडच्या मेसेजमध्ये पासवर्ड असतो हे लॉगर लिहिताना लक्षात राहत नाही. युजरने पान सोडल्यामुळे रद्द झालेले कॉल, म्हणजे कोड 1, चुकांमध्ये मोजू नका, नाहीतर आलेख घाबरवतात.

सर्व्हर वेगळ्या ओरिजिनवर (डोमेन किंवा पोर्टवर) असेल तर नवा हेडर लावण्याआधी कॉर्सची (दुसऱ्या ओरिजिनच्या कॉलला परवानगी देणाऱ्या नियमांची) सेटिंग पाहा. तुमचे कॉल जेसन किंवा प्रोटोबफ कंटेंट टाइपचे असल्याने प्रीफ्लाइट (खऱ्या कॉलआधी ब्राउझरने सर्व्हरला परवानगी विचारणं) आधीच होत असतं, पण अलाऊ-हेडर्सच्या यादीत नवं नाव नसेल तर अख्खा कॉल मरतो. तिथे तारांकन टाकून भागेल असं समजू नका: ऑथरायझेशन तारांकनात येत नाही, ते नाव घेऊनच लिहावं लागतं, आणि कुकीसकट कॉल असेल तर तारांकन चालतच नाही. येणाऱ्या बाजूला एक्स्पोज-हेडर्समध्ये जीआरपीसी-स्टेटस आणि जीआरपीसी-मेसेज हवेत. सर्व्हरने मेसेजविना थेट चूक पाठवली तर स्टेटस हेडरमध्येच येतो, आणि ते नाव यादीत नसलं तर इंटरसेप्टरला तो कोड दिसणारच नाही. कनेक्टमध्ये साइड इफेक्ट नसलेल्या मेथड्स गेटने पाठवायची सोय आहे, आणि असा गेट प्रीफ्लाइटशिवाय जाऊ शकतो. पण इंटरसेप्टरने त्यावर रिक्वेस्ट आयडीचा हेडर चिकटवला की प्रीफ्लाइट परत आलं. क्रोमियममध्ये प्रीफ्लाइटचं उत्तर जास्तीत जास्त 7200 सेकंद साठवता येतं, मॅक्स-एज कितीही मोठं दिलं तरी. सार्वजनिक, कॅश होणाऱ्या मेथड्सना म्हणून हा हेडर न लावलेलाच बरा.

टेस्ट लिहिताना एचटीटीपीची नक्कल (मॉक) करायची गरज नाही. इंटरसेप्टर म्हणजे शेवटी एक फंक्शन, त्याला खोटं ‘पुढे’ द्या. ऑथसाठी मी लिहितो ती टेस्ट अशी: खोटं ‘पुढे’ जुन्या टोकनला कोड 16 देतं आणि नव्याला यश. त्यावर पाच कॉल एकदम सोडायचे, त्यातला एक मुद्दाम रिफ्रेश संपेपर्यंत अडवून धरायचा. शेवटी पाचही यशस्वी हवेत आणि रिफ्रेशची मोजणी एक. मोजणी दोन आली तर तो अडवून धरलेला कॉल टोकन न ताडताच रिफ्रेशकडे गेला आहे.